सेनापती कुठे उभा असतो?

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे तो असा: लढाईच्या दिवशी सेनापती कुठे उभा असतो? सिकंदरापासून १९७१ पर्यंत ही जागा कशी सरकत गेली, हे सांगायचं मी कबूल केलं आहे आणि ते सांगणारच आहे. पण लढाईचा दिवस उजाडण्याआधी फौज तिथवर पोचावी लागते, आणि पोचेपर्यंत माणसांना आणि जनावरांना रोज खायला लागतं. सेनापतीचं निम्म्याहून अधिक काम त्यातच संपतं. म्हणून आधी थोडं दाणावैरणीबद्दल.

माझी एक जुनी तक्रार आहे, ती आधी मांडतो. सेनापतीचा पुतळा नेहमी एकाच थाटात का असतो? घोडा उधळलेला, तलवार उगारलेली, नजर लांब क्षितिजाकडे. असा सेनापती तुम्ही शंभर चौकांत पाहिला असेल. कागदावर वाकून हिशेब बघणारा, कोठीवाल्याला धारेवर धरणारा, घोड्याच्या खुरात बोट घालून नाल तपासणारा एकही पाहिला नसेल. पाठ्यपुस्तकातही तेच. तारीख, ठिकाण, कोण जिंकलं, कोण पडलं. त्या दिवशी सकाळी फौज जेवली होती का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते तो पहिला प्रश्न आहे.

याचा उत्तम पुरावा आपल्याकडेच आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या भावनेसाठी महाराजांची पत्रं आपण नेहमी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण हे पत्र लष्करी कागद म्हणून पुन्हा वाचा. पावसाळा तोंडावर आहे. घोड्यांसाठी दाणा आणि गवत साठवलेलं आहे. महाराज सांगतात की आज आहे म्हणून मन मानेल तसं चाराल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरायला लागतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा, भाकर, गवत, भाजी ओढायला लागाल, कुणबी गाव सोडून जातील, आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. बघा, कारणांची साखळी किती लांब जाते! दाण्याच्या मापापासून सुरुवात होते आणि राज्याच्या पायापर्यंत पोचते.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आगीचा मजकूर. कुणी जागा न बघता चुली मांडेल, कुणी वारा न बघता तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच जळत ठेवाल आणि उंदीर पेटती वात घेऊन पळेल. ती वात गवतात गेली की सगळं गवत जाईल. मग कुणब्यांना शिक्षा करा की कारकुनांवर ठपका ठेवा, पावसाळ्यात काडी मिळणार नाही आणि घोडदळ बुडेल. स्वतंत्र राज्य उभारणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो आहे! हे पत्र प्रत्येक लष्करी शाळेच्या दारावर लावावं असं मला मनापासून वाटतं. काय बिघडू शकतं, कशामुळे बिघडू शकतं, आणि बिघडलं तर ते का दुरुस्त होणार नाही, हे तिन्ही त्यात आहे. सेनापतीला लागणारी कल्पनाशक्ती याच जातीची असते.

आता हिशेब करू. कागद असेल तर लिहून घ्या. माणसाला चालण्या-लढण्यासाठी रोज सुमारे सव्वा किलो धान्य लागतं. कामाच्या घोड्याला साडेचार-पाच किलो दाणा, तेवढीच कोरडी वैरण आणि सुमारे ३० लिटर पाणी. समजा ५० हजार माणसं आणि २० हजार घोडी आहेत. माणसांचं धान्य झालं साधारण ६० टन. घोड्यांचा दाणा ९० टन आणि वैरण आणखी ९० टन. म्हणजे एका दिवसाला २४० टन, आणि पाणी फक्त घोड्यांचंच ६ लाख लिटर. बैलाच्या पाठीवर १०० किलो धरले, तर एका दिवसाच्या सामानाला २,४०० बैल. दहा दिवसांचं बरोबर न्यायचं तर २४ हजार. आणि त्या बैलांनीही खाल्लंच पाहिजे.

इथे सगळं गणित अडतं. पाठीवर १०० किलो वाहणारं जनावर जिथे गवताची काडी नाही अशा मुलखात रोज नऊ-दहा किलो खातं. म्हणजे अकराव्या दिवशी त्याने स्वतःचं सगळं ओझं खाल्लेलं असतं आणि सैन्याला त्यातला एक दाणाही मिळालेला नसतो. जनावरं वाढवून हे सुटत नाही, कारण प्रत्येक नवं जनावर स्वतःचं तोंड घेऊन येतं. त्यामुळे रेल्वे येईपर्यंत जगातल्या सगळ्या मोठ्या फौजांसमोर तीनच मार्ग होते. नदीवरून किंवा समुद्रातून बोटीने सामान न्यायचं, वाटेवर आधीच कोठारं भरून ठेवायची, किंवा चालत राहून नव्या मुलखावर जगायचं. तिसऱ्या मार्गात एका जागी थांबणं म्हणजे उपासमार. पहिल्या दिवशी तळाच्या आसपासचं गवत संपतं, आठवड्याने घासदाणा आणणाऱ्या टोळ्यांना दहा-पंधरा किलोमीटर जावं लागतं, आणि त्या टोळ्या छावणीपासून जितक्या लांब, तितक्या शत्रूच्या स्वारांना सोप्या.

हिंदुस्थानात हे काम बंजाऱ्यांचे तांडे करत. हजारो बैल, पाठीवर धान्याच्या गोण्या, आणि बैल वाटेत चरत जाणार. मोगल, मराठे, इंग्रज, सगळ्यांच्या फौजा त्यांच्यावर जगल्या. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, तोफांइतकीच बैलांची काळजी वाहत होता. असईची लढाई आपण पुढे बघूच, पण तिथवर तो पोचला तो बैलांच्या जोरावर.

हे न जमलेला माणूस कोण? नेपोलियन. २४ जून १८१२ ला त्याने नेमन नदी ओलांडली. एकूण फौज ६ लाखांहून अधिक. सामान तयार होतं, गाड्या होत्या, पण त्या जड गाड्या लिथुआनियाच्या कच्च्या रस्त्यांवर चालेनात. त्यात मुसळधार पाऊस झाला. दाणा मागे अडकला म्हणून घोड्यांना शेतातलं हिरवं, कच्चं राय कापून घातलं. उपाशी घोड्याच्या पोटात हिरवा चारा एकदम गेला की पोट फुगतं, शूळ उठतो, आणि घोडं मरतं. एकही मोठी लढाई होण्याआधी पहिल्या काही दिवसांतच हजारो घोडी मेली. थंडीने फौज मारली असं आपण सहज म्हणतो, पण तिचं कंबरडं उन्हाळ्यातच मोडलं होतं. घोडी गेली म्हणजे टेहळणी गेली, तोफा ओढणारं कुणी उरलं नाही, आणि परतीच्या वाटेवर वैरण आणणारंही कुणी उरलं नाही.

आजारपणाचंही तसंच. १९४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते, बरेचसे हिवतापाचे. तिथल्या ब्रिटिश-भारतीय फौजेचा सेनापती जनरल स्लिम याने हिवताप टाळणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या दिल्या. पण गोळी वाटणं वेगळं आणि ती पोटात जाणं वेगळं. त्याने अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या. गोळी घेतल्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली आलं की त्या पलटणीचा कमांडर बडतर्फ. असे तीन अधिकारी त्याला काढावे लागले, आणि त्यानंतर फौजेला अर्थ समजला. १९४४ मध्ये इंफाळ आणि कोहिमाला जी फौज टिकली, ती आधी अशी वाचवली गेली होती.

दाणावैरणीनंतर रस्ता. १० हजार माणसं चारच्या रांगेत चालली तर २,५०० रांगा होतात. एका रांगेला दीड-दोन मीटर धरले की चार-पाच किलोमीटर लांबी होते. मागे ५०० गाड्या असल्या, आणि गाडीला अंतरासह दहा मीटर लागले, तर आणखी पाच. म्हणजे दहा किलोमीटर लांब रांग. तासाला चार किलोमीटर चाल धरली, तर डोकं मुक्कामाला पोचल्यावर शेपूट अडीच तासांनी पोचतं. आणि ही चाल अखंड नसते. ५० मिनिटं चालायचं, १० मिनिटं थांबायचं, हा पायदळाचा जुना नियम आहे. पुढची तुकडी ओढ्यात जरा थबकली की मागे रांग दाटते, मग ओढा पार झाला की मागच्यांना पळावं लागतं. शेपटाकडचा शिपाई दिवसभर एकदा ताटकळतो आणि एकदा धावतो, आणि संध्याकाळी तोच सर्वांत दमलेला असतो. शहाणा सेनापती म्हणून पुढची पलटण रोज बदलतो. आणि ५० हजारांची फौज एकाच रस्त्याने नेली, तर डोकं मुक्कामाला पोचलं तरी शेपूट निघालेलंच नसतं! म्हणून वेगवेगळ्या रस्त्यांनी चालायचं आणि लढाईच्या जागी एकत्र यायचं. हे बोलायला सोपं आहे, पण त्यात कोण केव्हा पोचेल हे अचूक कळावं लागतं.

पहिल्या बाजीरावांचं पालखेड या सगळ्याचं उलट टोक आहे. जड तोफखाना नाही, बाजारबुणगे नाहीत, स्वाराच्या खोगिराला बांधलेलं सामान आणि वाटेतला मुलूख. निजामाला मागे-मागे फिरवत त्याच्या तोफा मागे पडू दिल्या, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ त्याला पाण्यापासून तोडलं. मोठी झुंज झालीच नाही. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. इथे सेनापती कुठे उभा होता? लढाईच्या दिवशी कुठे होता याला फार अर्थच नाही, कारण लढाई त्याआधी काही आठवडे घोड्यांच्या टापांखाली जिंकली गेली होती.

आणि आता पानिपत. त्यावर बोलायचं म्हणजे आपला आवाज जड होतो, पण तो विषय टाळून हे व्याख्यान पुरं होणार नाही. १७ ऑक्टोबर १७६० ला भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला. दाणा हाती आला, विजय मोठा होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, अडीच महिने, दोन्ही फौजा समोरासमोर. मगाचं गणित लावून बघा. चालत राहून जगणारी फौज एका जागी बांधली गेली, आणि तिच्याबरोबर न लढणारी हजारो माणसं. अब्दालीला गंगा-यमुनेच्या दुआबातून, त्याच्या बाजूच्या नजीबखान रोहिल्याच्या मुलखातून, धान्य येत होतं. ते तोडण्याचं काम गोविंदपंत बुंदेल्यांवर होतं, आणि डिसेंबरमध्ये ते छाप्यात मारले गेले. त्या दिवसापासून तारीख ठरवण्याचं स्वातंत्र्य भाऊसाहेबांच्या हातून गेलं. अब्दालीच्या बाजूने असलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौलाच्या, पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी जे लिहून ठेवलं आहे त्यावरून, सरदारांनी भाऊंना सांगितलं की दोन दिवस अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. लढाईचा दिवस मराठ्यांच्या पोटाने ठरवला. दुपारचा भाग मी शेवटाकडे घेतो, कारण आमच्या आजच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्या दुपारीच आहे.

मधे एक गोष्ट राहते, ती म्हणजे हुकूम. सेनापतीला जे दिसतं ते खालच्याला दिसत नाही, आणि खालच्याला जे दिसतं ते सेनापतीला. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातलं बालाक्लावा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच डोंगरकड्यावर होता. तिथून त्याला समोरच्या टेकडीच्या कण्यावर रशियन लोक काबीज केलेल्या तोफा ओढून नेताना स्पष्ट दिसले. त्याने चिठ्ठी पाठवली. आशय असा की घोडदळाने वेगाने पुढे जावं, शत्रूचा पाठलाग करावा आणि त्याला तोफा नेऊ देऊ नयेत. खाली खोऱ्यात उभ्या असलेल्या घोडदळाच्या प्रमुखाला, लूकनला, त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्याच्या नजरेसमोर एकच तोफखाना होता, खोऱ्याच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी रशियन. आणखी एक बारकावा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. ही चिठ्ठी आधीच्या हुकुमाला जोडून वाचायची होती, ज्यात टेकड्या परत घेण्याची गोष्ट होती. रॅग्लनच्या डोक्यात दोन्ही कागद एकच होते. लूकनने ते वेगळे वाचले. कुठल्या तोफा, असं त्याने विचारलं, तेव्हा चिठ्ठी आणणाऱ्या नोलनने हात हवेत फेकून समोर दाखवलं. सुमारे ६७० स्वार त्या खोऱ्यात गेले. कोणत्या तोफा, कोणती टेकडी, एवढे चारच शब्द चिठ्ठीत असते तर ही लढाई कुणाला आठवलीही नसती.

याच्या उलट नमुना सुमारे साडेतेवीसशे वर्षं जुना आहे. इसवी सनपूर्व ३२६, झेलम नदी, पलीकडे पोरसचे हत्ती. सिकंदर रात्रीत वरच्या अंगाला नदी ओलांडायला गेला आणि आपल्या क्रॅटेरस नावाच्या सरदाराला जुन्या छावणीत ठेवून गेला. त्याला दिलेला हुकूम असा: पोरस फौज घेऊन माझ्यावर चालून आला, पण हत्ती इथेच ठेवले, तर नदी उतरू नकोस. हत्ती घेऊन गेला, तर उतर. कारणही दिलं होतं: हत्ती समोर असले की घोडी काठावर चढणार नाहीत. बघा, काय घडलं तर काय करायचं, आणि का. सिकंदर स्वतः तिथे नव्हता, तरी क्रॅटेरसच्या हातात त्याचा निर्णय होता. चांगला हुकूम एवढाच असतो. कोणी, कुठे, केव्हापर्यंत, कशासाठी, आणि परिस्थिती बदलली तर काय. जागांची नावं दोघांच्या नकाशावर तीच असावीत, कागदावर वेळ लिहिलेली असावी, दोन वेगळ्या वाटांनी दोन प्रती जाव्यात आणि पोच परत यावी.

वेळेचा एक नियमही सांगून ठेवतो. संध्याकाळी ६ ला हुकूम मिळाला आणि सकाळी ६ ला हल्ला आहे, तर १२ तास आहेत. सेनापतीने स्वतःसाठी त्यातला एक तृतीयांश, म्हणजे ४ तास घ्यावेत आणि ८ खालच्यांना सोडावेत. खालच्या प्रत्येक पायरीने हेच केलं तर शेवटच्या तुकडीच्या नायकाला दारूगोळा घ्यायला, जेवायला आणि वाट बघायला वेळ उरतो. वरच्याने सुंदर योजना करण्यात ९ तास घातले, तर ती अंधारात, उपाशीपोटी, अर्धवट समजलेल्या माणसांकडून राबवली जाते. फार योजना अशाच फसतात.

आणि हे एकट्याने होत नाही. नेपोलियनचे हुकूम कागदावर आणणारा बर्थिये १ जून १८१५ ला वारला. पंधरा दिवसांनी, १६ जूनला, नेपोलियनचा सरदार देर्लोन याची सुमारे २० हजारांची कोर, म्हणजे फौजेचा एक मोठा भाग, दिवसभर कात्र-ब्रा आणि लीनी या दोन लढायांच्या मधे येरझारा घालत राहिली. बादशहाकडच्या हुकुमाने एकीकडे वळली, मार्शल नेने परत बोलावली, आणि दोन्हीकडे तिचा काही उपयोग झाला नाही. वॉटर्लूची चर्चा आपण १८ तारखेपासून करतो. मला ती १६ पासून करावीशी वाटते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. दहा मिनिटं आहेत. मूळ विषय आता भराभर सांगतो, नकाशे वगळतो.

लढाई सुरू झाली की सेनापतीकडे मोठा निर्णय एकच उरतो: राखीव फौज केव्हा आणि कुठे घालायची. बाकी सगळी फौज शत्रूशी भिडलेली असते, ती हलवता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की जिथून राखीव फौज हलवता येते, ती सेनापतीची जागा. हे सूत्र प्रत्येक काळाला लावून बघा.

सिकंदर स्वतः घोडदळाच्या टोकाला असायचा. गॉगामेलाला, इसवी सनपूर्व ३३१, तो इराणच्या बादशहावर, दारयवहूवर, घुसला आणि डावी बाजू सांभाळणाऱ्या पार्मेनियनला मदत मागायची वेळ आली. मागे दुसरी फळी आधीच उभी केलेली होती म्हणून निभावलं. त्याआधी ग्रॅनिकसच्या लढाईत सिकंदरावर शस्त्र उगारलेल्या इराण्यावर क्लीटसने वेळेवर वार केला नसता तर मोहीम तिथेच संपली असती. कार्थेजचा हॅनिबल रोमनांविरुद्ध कॅनीला, इसवी सनपूर्व २१६, आपल्या सर्वांत कच्च्या मधल्या फळीत उभा होता, कारण तीच फळी हळूहळू, न मोडता मागे सरकवायची होती आणि ते दुसऱ्या कुणावर सोपवण्यासारखं नव्हतं. सीझरने फार्सालसला, इसवी सनपूर्व ४८, मागच्या फळीतून तुकड्या काढून उजव्या बाजूला लपवलेली चौथी फळी केली आणि आपण त्याच बाजूला राहिला. त्याचा प्रतिस्पर्धी पाँपी याचं घोडदळ तिथे आपटलं आणि लढाई संपली.

हिंदुस्थानात हत्ती. अंबारीतला सेनापती सगळ्या फौजेला दिसतो, म्हणजे तोच निशाण. पण मग तोच लक्ष्य, आणि तो दिसेनासा झाला की फौज मेल्यासारखी. पानिपतच्या दुसऱ्या लढाईत हेमूच्या डोळ्यात बाण गेला, नोव्हेंबर १५५६, आणि जिंकत आलेली लढाई गेली. मे १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. अंबारी रिकामी दिसली आणि फौज फुटली. दाराचं घोड्यावर बसणं चूक नव्हतं. एका माणसाच्या दिसण्यावर सगळी फौज टांगलेली होती, ही चूक होती.

१७६१ च्या पानिपतची दुपार अशीच. इब्राहिमखान गारद्याने रोहिले कापत नेले. भाऊसाहेबांच्या हुजुरातीने, म्हणजे खाशा फौजेने, अब्दालीच्या वजिराची, शाहवलीखानाची, मधली फळी फोडली. दुपारपर्यंत आपण जिंकत होतो. अब्दाली मागे होता, झुंजीबाहेर, आणि त्याच्याकडे ताजे लोक शिल्लक होते. त्याने नसकची, म्हणजे शिस्त राखणारे शिपाई, पाठवून पळणाऱ्यांना परत फिरवलं. काशीराज पंडितांच्या आकड्यांप्रमाणे सुमारे १० हजार स्वार वजिराच्या मदतीला घातले. आपल्याकडे तशी वेगळी ठेवलेली ताजी फौज नव्हती. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून गर्दीत शिरले. त्या शौर्यापुढे मी मान झुकवतो. पण त्या क्षणापासून होळकरांना, शिंद्यांना, गारद्यांना एकत्र हलवणारं कुणी राहिलं नाही. फौज होती, सेनापती नव्हता.

असई, २३ सप्टेंबर १८०३. वेलस्लीने कैतना नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं बघितली, म्हणजे मधे उतार असणारच, असं ताडलं, आणि तो होता. त्याच्या एका तुकडीने हुकूम सोडून उजवीकडे जास्त वळण घेतलं आणि ७४ वी पलटण तिच्यामागे असई गावच्या तोफांवर गेली. घोडदळ हाताशी होतं म्हणून ती भेग बुजली. त्या दिवशी त्याने दोन घोडी गमावली. वॉटर्लूला तो असाच फिरत राहिला, टेकडीच्या मागच्या उतारावर राखीव पलटणी, आणि खिशातल्या कातड्याच्या पट्ट्यांवर पेन्सिलीने हुकूम.

मग तारयंत्र आणि रेल्वे. प्रशियाचा सरसेनानी मोल्टके १८६६ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध बर्लिनमधून फौजा हलवत होता. पण कोनिगग्रेट्झच्या लढाईच्या आदल्या रात्री दुसरी फौज घेऊन असलेल्या प्रशियाच्या युवराजाला हुकूम पोचवायला स्वारच लागला, आणि तो पहाटे ४ च्या सुमाराला पोचला म्हणून दुपारी फौज पोचली. १९१४ ला त्याचा पुतण्या, जर्मन फौजेचा प्रमुख धाकटा मोल्टके, लक्झेंबर्गमध्ये, फ्रान्समधल्या मार्नच्या लढाईपासून इतका लांब की त्याने हेंच नावाच्या एका लेफ्टनंट कर्नलला गाडीने पाठवलं आणि माघारीचा निर्णय प्रत्यक्षात त्या अधिकाऱ्याने केला. १ जुलै १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई: ब्रिटिशांची एका दिवसातली हानी ५७,४७०, त्यांत मृत १९,२४०. सेनापती मागच्या हवेल्यांत सुखात बसले, हा आरोप अर्धा खरा आहे. सैनिक खंदकाबाहेर पडले की तार तुटायची, धावणारे निरोपे मरायचे, आणि पुढे उभं राहिलं असतं तरी सेनापतीला स्वतःच्या शंभर यार्डांपलीकडे काही हलवता आलं नसतं. राखीव पलटणी होत्या, पण त्या कुठे घालायच्या हे कळेपर्यंत काही तास उलटत.

हे सोडवलं रेडिओने. जर्मन सेनापती गुडेरियनने रणगाड्यात रेडिओ बसवण्याचा आग्रह धरला आणि मे १९४० मध्ये तो संदेशयंत्रं आणि गुप्तलेखनयंत्र असलेल्या गाडीतून पुढे फिरत होता. पण पुढे जाण्यालाही हद्द आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेतला जर्मन सेनापती रोमेल इजिप्तच्या सरहद्दीकडे धावला, मुख्यालयाशी त्याचा संपर्क तुटला, आणि मागे वेस्टफाल नावाच्या स्टाफ अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर २१ वी पँझर डिव्हिजन परत बोलावली. रोमेल परतल्यावर त्याने तो निर्णय तसाच ठेवला.

शेवटचं उदाहरण. डिसेंबर १९७१, मेघना नदी, आशुगंजचा पूल पाकिस्तानी फौजेने उडवलेला. भारतीय ४ कोरचे सेनापती सगतसिंग हेलिकॉप्टरने स्वतः टेहळणी करत होते. ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांनी त्यांनी पलटणी नदीपलीकडे उतरवल्या आणि ढाक्याची वाट उघडली. राखीव फौज, वाहतूक आणि सेनापतीचे डोळे, तिन्ही एकाच जागी आले होते.

वेळ संपली. ड्रोनच्या पडद्यावर आज सेनापतीला एकेक तुकडी दिसते आणि तीच स्वतः हलवायचा मोह होतो, त्याबद्दल बोलायचं राहिलं. कुणाला विचारायचं असेल तर तिथूनच सुरुवात करू. पानिपतवर प्रश्न येणार हे मला माहीत आहे. विंचूरकर आणि गायकवाडांचं घोडदळ गोल, म्हणजे फौजेची ठरवलेली बंदिस्त रचना, सोडून पुढे का गेलं, हा पहिला प्रश्न असेल तर नकाशा परत लावतो.